वीटभट्टीच्या अलीकडे

वर्गात पहिल्या दिवशी हजेरी घेताना मास्तरीण एका नावाशी थांबली. नाव दोनदा वाचलं, तरी कोणी उठेना. मागच्या बाकावरचे तिघे-चौघे मात्र गालातल्या गालात हसत होते.

"बाई, त्या नावाने त्याला त्याची आईसुद्धा हाक मारत नसेल," त्यांतला एक म्हणाला. "कप्तान म्हणा, लगेच उठेल."

खिडकीजवळ बसलेला एक माणूस उठला. चाळिशीचा, शिडशिडीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. "हजर," म्हणाला आणि बसला.

मास्तरणीने राहिलेली नावं वाचून संपवली. आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग "आलेच" म्हणून ती बाहेर गेली, जनरेटरच्या पत्र्याच्या खोपटामागे वाकून उभी राहिली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली.

कप्तान कोण, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नसे. लढाईच्या दिवसांत नदीवरच्या पुलाचा नाका त्याच्या ताब्यात होता. मास्तरणीचा नवरा प्रवासी जीप चालवायचा. एका दुपारी त्याची जीप नाक्यावर अडवली, चौघांना खाली उतरवलं आणि बाकीच्यांना चालत घरी जायला सांगितलं. चौघांत तो स्वतः होता, मांडीवर कापडाचं गाठोडं घेऊन बसलेला गावातला शिंपी होता आणि पलीकडच्या गावचे दोघे भाऊ होते. जीप पुढे वर्षभर नाक्यावरच्याच लोकांनी पळवली. चौघांचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. लढाई थांबली, समेट झाला, कागदांवर सह्या झाल्या, नाका उठला. माणसं काही आली नाहीत.

मास्तरीण लढाईआधी सरकारी कोंबडीपालन केंद्रात अंडी उबवायच्या विभागात होती. ते केंद्र जळालं. म्हणून बाहेरच्या देशाच्या पैशांवर खेड्यांतल्या लोकांना रोजगार शिकवायचा प्रकल्प आला, तेव्हा शिकवायला तिला बोलावलं. धान्याचं जुनं गोदाम रंगवून वर्ग केला होता. गोळ्यांची भोकं बुजवलेली, पण तेवढ्या जागी रंग वेगळा दिसायचा, भिंतीला देवी आल्यासारखा. दारावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर त्या देशाचा झेंडा आणि खाली 'मित्र देशाच्या जनतेकडून'.

तोंड धुऊन ती थेट प्रकल्पाच्या मॅडमकडे गेली. मॅडम शहरातून आलेल्या. बाई वाईट नव्हत्या.

"मॅडम, तो माणूस माझ्या वर्गात नको."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. "यादी आली तेव्हाच वाटलं होतं, तुम्ही येणार म्हणून. पण अर्धे बाधित आणि अर्धे परतलेले, अशी पैसे देणाऱ्यांची अटच आहे. आज त्याला काढलं तर उद्या ते सगळेच उठून जातील. मग वर्ग बंद. तुमचीही नोकरी."

बाधित म्हणजे बहुतेक करून विधवा. परतलेले म्हणजे बंदुका खाली ठेवून आलेले. कुठून परतले आणि तिथे काय करत होते, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

"मग मीच सोडते," मास्तरीण म्हणाली.

"सोडा. मी अडवणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आजचा दिवस विचार करा."

विचार करायला घरी सासू होती. तिला दिवसातून दोनदा साखरेच्या आजाराचं इंजेक्शन लागायचं. गावात महिन्याच्या महिन्याला पगार देणारं दुसरं दार नव्हतं. मास्तरीण दुसऱ्या दिवशी वेळेवर वर्गात आली. फळ्यावर अंड्याची आकृती काढून तिने शिकवायला सुरुवात केली.

घरी तिने काही सांगितलं नाही. पण सासूचे कान तिखट होते. चार दिवसांनी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तुझ्या शाळेत म्हणे नाक्यावरचेही येतात."

"येतात, आई."

"काय शिकवतेस त्यांना?"

"पिल्लं काढायला."

सासूने घास चावून गिळला. "शिकव बाई. मारायचं शिकून झालंय त्यांचं." मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडून म्हणाली, "त्यांच्यातल्या कोणाला तरी माहीत असेल. माझा मुलगा जिवंत नाही, एवढं मला कळतं गं. मला वेड लागलेलं नाही. फक्त कुठे आहे तेवढं कळू दे. मग माझी काही तक्रार नाही."

हे ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती. मास्तरीण दर वेळी "हो आई" म्हणायची.

वर्गात शिंपिणीच्या हाताला तोड नव्हती. शिंप्याची बायको म्हणून ती शिंपीण. नवऱ्याचं शिलाई मशीन लढाईत कोणीतरी उचलून नेलं, तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या मशीनवर रोजाने शिवत होती. बोलायला फटकळ, हिशेबाला चोख. अंडं हातात घेतलं की वजनावरून सांगायची, हे टिकेल, हे नाही. दोघींचे नवरे एकाच जीपमधून गेले होते, पण त्या विषयावर दोघी फारशा बोलत नसत. बोलण्यासारखं होतं ते पहिल्या वर्षीच बोलून संपलं होतं. कप्तान वर्गात दिसला तेव्हा शिंपीण एवढंच म्हणाली, "तोंडावर थुंकावंसं वाटतं. पण ते अंड्यांचं मशीन मिळेपर्यंत मी थुंकी गिळणार आहे."

मशीनचं तिने पहिल्या दिवसापासून मनात धरलं होतं. प्रकल्पाकडे एकच मोठं उबवणी यंत्र होतं. वर्ग संपल्यावर ते जनरेटरसकट एका विद्यार्थ्याला धंद्यासाठी द्यायचं ठरलं होतं. ते शिंपिणीलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. तीही. घराच्या मागे कुडाची खोलीसुद्धा तिने घालून घेतली होती.

कप्तान वाईट विद्यार्थी नव्हता, हे कबूल करावंच लागतं. वेळेवर यायचा, खाली मान घालून काम करायचा. एकदा सासूला इंजेक्शन द्यायच्या गडबडीत मास्तरणीला उशीर झाला, तर त्याने यंत्रातली अंडी फिरवून ठेवली होती. तिला त्याचाही राग आला. तो आळशी असता, उद्धट असता, तर तिला सोपं गेलं असतं.

अंडी तपासायला गोदामात एक अंधारी खोली केली होती. दिव्यासमोर अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. काहीच नाही दिसलं तर रिकामं. विद्यार्थी एकेक करून आत यायचे, मास्तरणीच्या शेजारी बसून तपासायचे. कप्तानची पाळी आली तेव्हा तिने दार अर्धं उघडं ठेवलं. पाच-सहा अंडी झाल्यावर तिने विचारलं. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं वाक्य होतं. तोंडातून आलं ते अगदीच साधं.

"पुलाच्या नाक्यावर पांढरी जीप अडवली होती. चौघांना उतरवलं. त्यातला चालक माझा नवरा."

दिव्याचा उजेड त्याच्या बोटांतून लाल दिसत होता. तो अंडं फिरवत राहिला.

"बाई, नाक्यावर रोज गाड्या थांबायच्या," तो म्हणाला. "मला नाही आठवत." आणि अंडं डाव्या हाताच्या तबकात ठेवलं. "हे रिकामं आहे."

बरोबर होतं. रिकामंच होतं ते.

त्याच आठवड्यात पैसे देणाऱ्या देशातून पाहुणे आले. उंच, गोरा, हसरा माणूस, इथल्या भाषेतले दोन शब्द पाठ करून आलेला. त्याने सगळ्यांना ते दोन-दोनदा म्हणून दाखवले. मग त्याला फोटो हवा होता, एक बाधित आणि एक परतलेला यांचा, एकत्र पिल्लू धरलेला. कोणीतरी त्याला मास्तरीण आणि कप्तान यांची हकीगत सांगितली होती. मॅडमनी नजर टाळत म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे." मास्तरीण उभी राहिली. पिल्लू तिच्या ओंजळीत, कप्तानचा हात खाली आधाराला. फोटोवाला सारखा "जरा जवळ, अजून जवळ" करत होता.

पाहुण्याने दुभाष्यामार्फत विचारलं, आता तुम्ही दोघं बरोबर काम करता, मनात काय येतं?

"पिल्लाला ऊब लागते," मास्तरीण म्हणाली. "ती मिळाली की झालं."

दुभाषी बराच वेळ बोलला. एवढ्याशा वाक्याचं एवढं लांबलचक काय झालं, ते तिला कळलं नाही. पाहुण्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

शिंपीण मागून पुटपुटली, "आता पुढचे दोन वर्ग पक्के."

वर्ग संपत आला. परीक्षा झाली. यंत्र कोणाला द्यायचं ते मॅडम, बँकेचा एक माणूस आणि मास्तरीण अशा तिघांनी ठरवायचं होतं, पण बाकी दोघांना अंड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे मास्तरीण म्हणेल ती पूर्व.

त्या दिवशी दुपारी सगळे गेल्यावर ती यंत्राची पाण्याची तबकं भरत होती. कप्तान दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"त्या जीपची मागची काच तडकलेली होती," तो म्हणाला. "तिला खाकी चिकटपट्टी लावलेली होती."

मास्तरणीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ती चिकटपट्टी तिने स्वतः लावली होती.

"आठवत नाही म्हणालात."

"तेव्हा म्हणालो."

"आज का आठवलं?"

कप्तानने दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं, धूळ बघितली. "बाई, माझ्याकडे रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. वीज आहे. दोन मुली आहेत. पूर्वी काय करत होतास असं विचारून कोणी मला कामावर ठेवत नाही, आणि न विचारता कोणी ठेवेल असा मुलूख उरलेला नाही. ते यंत्र मला मिळालं तर मी माणसात येईन." मग म्हणाला, "चौघं कुठे आहेत ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगेन. त्यांना मी नाही मारलं. पण कुठे नेलं ते बघितलंय."

"आणि यंत्र नाही मिळालं तर?"

"तर मला नाही आठवत," तो म्हणाला. आवाजात धमकी नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं म्हणाला, आणि गेला.

तीन दिवस तिने हे कोणालाच सांगितलं नाही. शिंपिणीला सांगावं असं एकदा वाटलं. तिच्या घरापर्यंत गेलीही. शिंपीण कुडाच्या खोलीला शेणामातीने लिंपत होती, हात कोपरापर्यंत बरबटलेले. "ये गं, बघ, पिल्लांना वारा लागायचा नाही ना?" मास्तरणीने खोली बघितली, "छान झालीय" म्हटलं आणि परत फिरली. घरी आली तर सासू मुलाचा जुना स्वेटर उसवून लोकर गुंडाळत बसली होती. "पाय गार पडतात माझे, मोजे करते," म्हणाली. "त्याला काही आता लागत नाही."

ठरवायच्या दिवशी बँकेचा माणूस घड्याळाकडे बघत होता. मॅडम म्हणाल्या, "शिंपीणबाईंचं नाव घालू ना?"

मास्तरीण म्हणाली, "तिच्याकडे वीज नाही. जनरेटरला रोजचं डिझेल तिला परवडायचं नाही, आणि कुडाच्या खोलीत ते यंत्र टिकायचं नाही. कप्तानकडे पक्की शेड आहे, रस्ता आहे."

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही म्हणताय हे? नक्की ना?"

"नक्की."

सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता. खरी कारणं अशी हाताशी तयार होती, हेच वाईट होतं. मॅडमचे डोळे तर भरून आले. त्यांना वाटलं, मास्तरणीने माफ केलं.

यादी लागली. शिंपिणीने ती दोनदा वाचली. "वरूनच ठरलं असणार," म्हणाली. "फोटो काढला ना त्याचा." आणि मास्तरणीच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू तरी काय करणार." मास्तरणीला तो हात झटकून टाकावासा वाटला.

कप्तानने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी गोदामाच्या मागे त्याने सांगितलं, "पूल ओलांडल्यावर डाव्या हाताला जुनी वीटभट्टी आहे. तिच्या मागे मातीसाठी खणलेला मोठा खड्डा आहे. त्यात आहेत. चौघंही."

"तिथे तर सुरुंग आहेत."

"आहेत. पण काढतायत ना."

काढत होते. त्याच देशाच्या पैशांवर. पुलापलीकडची सगळी शेतं लढाईत सुरुंग पेरून ठेवलेली होती. निळी जाड जाकिटं घातलेली, तोंडावर काचेचा पडदा असलेली माणसं तिथे गुडघ्यांवर बसून दिवसभर माती चाचपत असत. मोकळी झालेली जागा पांढऱ्या खुंट्यांच्या आत, राहिलेली लाल खुंट्यांच्या पलीकडे. दोघींनी, म्हणजे तिने आणि सासूने, पहिल्यांदा जाऊन बघितलं तेव्हा लाल खुंट्या भट्टीपासून तीनेक शेतं अलीकडे होत्या.

सासूला तिने सगळं सांगितलं होतं, फक्त ते कशाच्या बदल्यात कळलं तेवढं सोडून. सासू ऐकून रडली नाही. उठून नवी साडी नेसली आणि म्हणाली, "चल, दाखव."

रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने कपाळावर आडवा हात धरून भट्टीच्या धुराड्याकडे बघितलं. तिथला मुकादम, सुरुंगवाल्यांचा प्रमुख, धावत आला. "आजी, रस्त्यावरून खाली उतरू नका हां."

"उतरत नाही रे. भट्टीपर्यंत कधी पोचाल?"

"असंच चाललं तर दोन महिन्यांत. का?"

"माझं माणूस आहे तिथे."

मुकादमाने तोंडावरचा काचेचा पडदा वर केला. "दोन महिने," परत म्हणाला. "मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन."

मग दर आठवड्याला दोघी जायच्या. सासूला चालवत नसे, तरी जायची. लाल खुंट्या सरकल्या की तिच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद यायचा. दोन शेतं उरली. मग दीड. घरी तिने एक स्वच्छ चादर धुऊन, घडी करून, फळीवर ठेवली. एकदा म्हणाली, "शिंपिणीला सांगितलंस का? तिचाही तिथेच आहे ना?"

"सांगेन, आई. नक्की झाल्यावर सांगेन."

दुसरा वर्ग सुरू झाला होता. यंत्र कप्तानकडे जायचं होतं, पण नवं येईपर्यंत तेच वापरत होते. आत अंडी भरलेली, पिल्लं निघायला आठवडा उरलेला. मास्तरीण शिकवत असताना मॅडम दारात आल्या. हातात फोन, चेहरा पांढराफटक.

"थांबवा," म्हणाल्या.

"काय थांबवू?"

"सगळंच. तिकडे, पैसे देणाऱ्या देशात, सरकार बदललं. बाहेरच्या देशांना द्यायचे सगळे पैसे आजपासून बंद. चौकशी होईपर्यंत एक पैसासुद्धा खर्च करायचा नाही."

"कसली चौकशी?"

"असले खर्च त्यांच्या फायद्याचे आहेत का, याची."

वर्गात कोणालाच पटकन काही कळलं नाही. एक बाई म्हणाली, "म्हणजे उद्या सुट्टी?"

जनरेटरमध्ये दिवसभर पुरेल एवढंच डिझेल होतं. नवं घ्यायची परवानगी नव्हती. मास्तरीण म्हणाली, "मॅडम, आत अंडी आहेत. जिवंत आहेत ती." मॅडमनी खांद्यावरची पर्स उघडली. "माझ्या पर्समधून देते," म्हणाल्या, पण तालुक्याच्या पंपावर जायला गाडी काढायचीसुद्धा मनाई आली होती. गाडीची किल्ली शहरातल्या वरच्या साहेबांनी फोनवरून जमा करायला लावली होती.

संध्याकाळी कप्तान टेम्पो घेऊन आला. यंत्र त्याच्या नावावर झालं होतं, कागद पक्के होते, त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. त्याने स्वतःचं डिझेल आणलं होतं. यंत्र उचलताना त्याने विचारलं, "अंडी आत राहू द्यायची ना?"

नाही म्हणणार कोण होतं? अंडी त्याच्याबरोबर गेली. पिल्लंही त्याच्याकडेच निघाली, आणि चांगल्या भावाने खपली असं नंतर कळलं.

पाटीवरचा झेंडा झाकायचाही हुकूम आला. मॅडमनी त्याच्यावर खाकी कागद चिकटवला आणि दोन दिवसांनी बॅग घेऊन शहराकडे गेल्या. जाताना मास्तरणीचे हात धरून म्हणाल्या, "मला माफ करा." मास्तरणीला वाटलं, या बाईला माफीचं भारी वेड आहे.

ती तशीच पुलाकडे गेली. सुरुंगवाल्यांचा तंबू उतरवून झाला होता. मुकादम जाकिटं मोजून पोत्यात भरत होता.

"भट्टी एका शेतावर आलीय हो," ती म्हणाली. "एकच शेत."

"ताई, मला काय दिसत नाही का?" मुकादम चिडून बोलला, मग आवाज खाली आणला. "परवाच्या दिवशी आमचा विमा बंद झाला. आता आत पाऊल टाकलं आणि काही झालं तर माझ्या पोरांना कोणी विचारणार नाही. चार दिवस विम्याशिवाय तसंच काम करू म्हणालो होतो सगळ्यांना. कोणी तयार नाही. मी तरी कुठल्या तोंडाने सांगू?"

"परत कधी येणार?"

"आलो तर येऊ." त्याने लाल खुंट्यांकडे बघितलं. "त्या तेवढ्या काढू देऊ नका कोणाला. लाकूड म्हणून नेतात लोक."

सासूला सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "आपण काय वाईट केलं होतं त्यांचं, त्या देशाचं?"

"काही नाही, आई. त्यांना आपण माहीतसुद्धा नसू."

"मग फोटो कशाला नेला?" सासू म्हणाली, आणि फळीवरची चादर काढून पेटीत ठेवली.

आता झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. मास्तरीण शिंपिणीकडे गेली. कुडाच्या खोलीत शिंपिणीने सरपण भरून ठेवलं होतं. मास्तरणीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, भट्टीचं, खड्ड्याचं आणि शेवटी यंत्राचं. सांगताना तिला वाटत होतं, निदान जागा कळली म्हणून तरी ही रडेल.

शिंपीण सरपण रचत होती, ती थांबली.

"म्हणजे तू दिलंस त्याला माझं मशीन."

"आपली माणसं कुठे आहेत ते कळावं म्हणून. तुझाही आहे तिथे."

"मला विचारलंस?"

मास्तरणीने मान खाली घातली.

"मला विचारायचं होतंस गं! मी सांगितलं असतं. माझा नवरा मेला, हे मला तो गेला त्या रात्रीच कळलं. तो कुठल्या खड्ड्यात आहे ते कळून माझ्या घरात चूल पेटणार होती का? मला मशीन हवं होतं. नवऱ्यापेक्षा हवं होतं, असं म्हण हवं तर." ती हसली, आणि ते हसणं ऐकवेना. "आणि जागा तरी खरी कशावरून?"

"त्याला जीपची काच आठवत होती. चिकटपट्टीसुद्धा."

"वर्षभर तीच जीप हिंडवली त्यांनी. काच आठवणार नाही तर काय?"

हे मास्तरणीच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"सगळा मुलूख सोडून त्याने सुरुंगातलीच जागा सांगितली," शिंपीण म्हणाली. "जिथे जाऊन कोणी बघू शकत नाही. तू शिकलेली ना? जा आता. मला सरपण भरायचंय."

त्यानंतर शिंपिणीने तिच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसली तर मान वळवायची.

पगार थांबला. साठवलेलं इंजेक्शनांत गेलं. तालुक्याला दोन ठिकाणी तिने काम विचारलं. तिथे तिच्यासारखे बंद पडलेल्या प्रकल्पांतले पंधरा-वीस जण आधीच बाकावर बसलेले होते. शेवटी सासूच म्हणाली, "त्या कप्तानकडे माणसं लागतायत म्हणे."

मास्तरीण दचकली. "आई, तुम्हाला माहीत आहे तो कोण?"

"मला सगळं माहीत आहे. यंत्राचंही माहीत आहे, शिंपीण दारात येऊन बोलून गेली." सासू भिंतीकडे बघत होती. "माझ्यासाठी केलंस. मी तुला काय बोलू? जा. माझा जीव त्या सुईवर आहे आणि सुईला पैसे लागतात. लाज वाटली तर मला वाटू दे. तू जा."

कप्तानच्या शेडमध्ये आता दोन यंत्रं होती. दुसरं त्याने बंद पडलेल्या दुसऱ्या प्रकल्पाच्या लिलावात घेतलं होतं. तिला बघून तो खुर्चीवरून उठला. "या मास्तरीणबाई," म्हणाला. आनंद खरा वाटत होता, तेच सोसवेना. आत अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडी तपासत एक बाई बसली होती. शिंपीण. तिने वर बघितलं, जरा सरकून जागा केली आणि अंड्यांचं एक तबक मास्तरणीपुढे ढकललं.

पंधरवड्याने, शिंपीण पाण्याला गेली असताना, मास्तरणीने कप्तानला गाठलं. तो खाद्याची पोती मोजत होता.

"भट्टीच्या मागे म्हणालात ते खरं होतं का?"

कप्तान वळला. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "मी सांगितलं तेव्हा ते लोक दोन महिन्यांत तिथे पोचणार होते. खोटं निघालं असतं तर तुम्ही आरडाओरडा करून यंत्र परत घेतलं नसतंत?"

"आता तर पोचणार नाहीत."

"ते मी बंद केलं का?" तो म्हणाला. "मला तरी काय माहीत होतं?"

तिला ते पटलं. रात्री पटलं नाही. दुसऱ्या दिवशी परत पटलं. त्याचा चेहरा आठवून आठवून ती खरं-खोटं शोधत राहिली, आणि चेहरा प्रत्येक वेळी वेगळा दिसायचा. सासूने परत कधी पुलाकडे जायचं नाव काढलं नाही. लाल खुंट्यांतल्या काही कोणीतरी जाळायला नेल्या असं ऐकू आलं.

शेडवर तडकलेली अंडी विकायला जात नसत. ती कप्तान कामावरच्या बायकांना न्यायला सांगायचा. पहिले काही दिवस मास्तरणीने हात लावला नाही. मग एका संध्याकाळी फाटकाशी शिंपीण तिच्यासाठी थांबलेली दिसली. पदरात अंडी होती. तिने ती मोजली, निम्मी मास्तरणीच्या पिशवीत घातली, मग स्वतःच्या वाट्यातली आणखी दोन काढली.

"तुझ्याकडे म्हातारी आहे," म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"असू दे गं, तुलाच—"

"धर म्हटलं ना. फुटतील." आणि शिंपीण पुढे चालू लागली, तिच्यासाठी न थांबता.